कर्व्यांच्या घरातले तीन संसार आणि आपली सोसायटी

स्मरणिका समितीचा निरोप आला, "बाई, तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका. रौप्यमहोत्सवी अंकासाठी सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी हो म्हटलं. निवृत्त शिक्षकाला कुणी काही लिहायला सांगितलं की तो नाही म्हणत नाही, हे आपल्या समितीला चांगलं ठाऊक आहे.

इतिहास म्हटला की आधी कागद हवेत. म्हणून सोसायटीच्या ऑफिसात गेले. ताबा मिळाल्याची नेमकी तारीख बघायची होती. सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाची नाही, आमच्याच फ्लॅटची फाइल काढून दिली. त्यात ताबापत्र होतं, शेअर सर्टिफिकेटची प्रत होती, पहिल्या मेंटेनन्सची पावती होती, आणि त्या सगळ्याच्या खाली पिवळा पडलेला नॉमिनेशनचा फॉर्म होता. फॉर्म आमच्या ह्यांच्या अक्षरात. सभासद : हे. नॉमिनी : आमचा मुलगा, वय वर्षे तेरा. नॉमिनी अज्ञान असल्यास पालकाचं नाव : मी.

फॉर्म तिथेच दोनदा वाचला. माझं नाव कागदावर होतं, पण आई म्हणून. बायको म्हणून नव्हतं. आणि आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, कुठेच नव्हती.

सोसायटीचा इतिहास लिहायचा बाजूला राहिला आणि दुसराच इतिहास डोक्यात घोळायला लागला. नवरा-बायको एकमेकांविषयी जे ठरवतात, त्यातलं किती दोघांचं असतं आणि किती मुलांमुळे ठरतं? घर कुठे घ्यायचं, नोकरी कुणी सोडायची, पैसा कुणाच्या नावावर ठेवायचा, भांडण कुठे थांबवायचं? या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रातच एका घराण्याने एकामागून एक तीन वेगळी उत्तरं देऊन ठेवली आहेत. ते घराणं म्हणजे कर्व्यांचं. शाळेत मी महर्षी कर्वे तीस वर्षं शिकवले, पण संस्था आणि सनावळी एवढंच. त्यांच्या स्वयंपाकघरात कधी डोकावले नाही. आज डोकावू.

पहिला संसार : अण्णा आणि बाया

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, गाव कोकणातलं मुरूड. त्या काळच्या रीतीप्रमाणे शाळकरी वयातच लग्न झालं. पत्नी राधाबाई. १८८२ साली मुलगा झाला, रघुनाथ. धोंडोपंत मुंबईत शिकत होते, शिकवण्या करत होते, गणितात बी. ए. झाले. पुढे राधाबाई आणि रघुनाथ मुंबईला आले, तेव्हा कुठे संसार असा सुरू झाला. १८९१ साली राधाबाई वारल्या. रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी धोंडोपंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले.

बिजवराला त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळत असे. धोंडोपंतांनी ठरवलं, लग्न करीन तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, त्यातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ ला पुण्यात दोघांचं लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पण घरात आणि पुढे सगळ्या संस्थेत त्या 'बाया' म्हणूनच ओळखल्या गेल्या. मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्याची झळ गावात राहिलेल्या आईला आणि भावाला बसली.

इथवर आपण परीक्षेत लिहितो. पुढचं लिहीत नाही.

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला माळावर गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, आश्रमातल्या मुलींना शिकवायचं, सकाळी परत कॉलेज. असा अण्णांचा कित्येक दिवसांचा क्रम होता. इकडे पुण्यात बायांच्या पदरात शंकर, दिनकर, भास्कर. अण्णांची शिल्लक आश्रमात गेली, विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे केली. म्हणजे आजच्या भाषेत, नॉमिनीच्या रकान्यात बायको नाही, मुलं नाहीत, संस्था.

बायांनी हे सगळं पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितलं. पुस्तकाचं नाव 'माझे पुराण', प्रसिद्ध झालं १९४४ साली. त्यांच्या सुनेने, कावेरीबाई कर्व्यांनी, ते सिद्ध केलं. नवऱ्याच्या मोठेपणाबद्दल आदर आहे, पण घरात तेल-मीठ कसं आणायचं हा प्रश्न कुणाच्या डोक्यावर होता, तेही त्यांनी लपवलेलं नाही. मुलांना दोन पैसे असावेत म्हणून बाया स्वतः धडपडल्या. सुईणीचं काम शिकल्या. रडत बसल्या नाहीत.

आणखी एक अवघड जागा होती. अण्णांनी विधवांचं शिक्षण आणि विधवांचा पुनर्विवाह ही दोन कामं मुद्दाम वेगळी ठेवली, कारण पुनर्विवाहाचं नाव काढलं तर लोक आपल्या मुली आश्रमात पाठवणार नाहीत. हिशेब बरोबर होता. पण पुनर्विवाह केलेली बाई तर त्यांच्याच घरात होती! नवऱ्याच्या संस्थेत स्वतःची जागा कोणती, हा प्रश्न बायांना बरीच वर्षं पुरला. बायांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आपल्या लहान मुलासह आली, शिकली आणि आश्रमाचा खांब झाली. मोठी बहीण मात्र घर आणि आश्रम यांच्या उंबरठ्यावर उभी.

गंमत पाहा. मुलं मोठी झाली तेव्हा ह्याच बाया संस्थेसाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत स्थायिक झाला, तर तिथेही बायांनी महिला विद्यापीठासाठी पैसे जमवले. पोरांची काळजी मिटल्यावर नवऱ्याचं काम तिचं झालं. आधी नाही. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. घर उपाशी असताना बाईला ध्येय शिकवू नये.

इथे मी जरा थांबते, कारण आपल्या सोसायटीतल्या जुन्या मंडळींच्या ओठांवर हसू आलं असणार. आमचे हे पहिली अकरा वर्षं आपले सेक्रेटरी होते. पाण्याचा टँकर, बिल्डरच्या ऑफिसात खेपा, लिफ्टचं काम, उपनिबंधक कार्यालय, ऑडिट, थकबाकीदारांच्या घरी 'सहज' चहाला जाणं. सगळ्या संध्याकाळी तिकडे. आमच्याकडे मुलांचा अभ्यास, ताप, दप्तर, पालकसभा, सगळं माझ्याकडे, शाळेची नोकरी सांभाळून. एकदा मुलगी पायावरून घसरून पडली, कपाळाला टाके पडले. तेव्हा हे गच्चीवर वॉटरप्रूफिंगवाल्याबरोबर होते. मी चार दिवस बोलले नाही. त्यांची तुलना अण्णांशी करत नाही, माझी बायांशी तर नाहीच. पण 'माझे पुराण' वाचताना ज्या पानांवर मी पेन्सिलीने खुणा केल्या, ती पानं ह्यांनी मागून वाचली, आणि पुस्तक कपाटात न ठेवता माझ्या उशाशी ठेवलं. एवढंच.

दुसरा संसार : रघुनाथराव आणि मालतीबाई

नऊ वर्षांचा आईविना रघुनाथ पुढे मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला आला. वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक झाला. पॅरिसला जाऊन शिकून आला. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपलं केंद्र काढलं तेही त्याच वर्षी. म्हणजे आपण या बाबतीत विलायतेच्या मागे नव्हतो. १९२३ साली त्यांनी 'संततिनियमन : विचार व आचार' हे पुस्तक लिहिलं. १९२५ साली विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, कारण हा प्रचार आणि ती नोकरी एकत्र चालेना. त्यांनी प्रचार ठेवला, नोकरी सोडली.

जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक निघू लागलं. नवरा-बायकोंना जे प्रश्न कुणाला विचारता येत नव्हते, ते लोक तिथे विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले, मासिक थांबलं नाही. १९५३ मध्ये रघुनाथराव गेले, तेव्हाच ते थांबलं.

या सगळ्यात त्यांच्या पत्नी मालतीबाई होत्या. दोघांनी आपल्याला मूल नको असं ठरवलं होतं. त्या काळी! मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको करावी, ही रीत घरोघर चालू असताना. मूल झालं नाही की दोष बाईचा, हे जिथे गृहीत होतं, तिथे एक सुशिक्षित जोडपं 'आम्ही ठरवलं' असं म्हणत होतं. पैशाची ओढाताण, लोकांची कुजबुज, कोर्टाच्या तारखा, हे सगळं मालतीबाईंनी सोबतीने काढलं. १९४४ साली त्या वारल्या. पुढची नऊ वर्षं रघुनाथराव एकटेच मासिक चालवत राहिले. बायांनी आपलं पुराण लिहिलं, मालतीबाईंचं असं पुस्तक आपल्या कपाटात नाही. त्यांच्या मनात कधी पाळणा हलला असेल का, हलला असेल तर तो त्यांनी कसा थांबवला, हे ज्याचं त्याने आपल्या मनाशी विचारावं.

एक मात्र नक्की. पुढे १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. मग भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण रंगवले गेले. आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबं 'दोन मुलं आणि बस' अशी आहेत. दोन मुलं म्हणून दोन बेडरूमचा फ्लॅट परवडला, दोघांच्या नोकऱ्या झाल्या, दोघांना इंजिनिअरिंगला घालता आलं. आपल्या या इमारतीचा नकाशासुद्धा एका अर्थी त्या केंद्राच्या पायावर उभा आहे. नवव्या मुलाला टू बीएचकेमध्ये कुठे निजवणार होतो?

आता खरं सांगायची वेळ आली. वर्गात मी रघुनाथरावांबद्दल फार अभिमानाने बोलायचे. 'काळाच्या पुढे पाहणारा माणूस', हे माझं ठरलेलं वाक्य. आणि सहा वर्षांपूर्वी आमची मुलगी बंगलोरहून आली, आणि जेवताना म्हणाली, "आई, आम्ही दोघांनी ठरवलंय, आम्हाला मूल नको."

माझ्या हातातला डाव आमटीतच राहिला. मी विचारलं, "काही डॉक्टरी आहे का?" ती म्हणाली, "नाही. ठरवलंय." मी म्हटलं, "सासूबाईंना सांगितलंस?" बघा, तिचं काय म्हणणं आहे हे विचारलं नाही. डॉक्टर आणि सासू, एवढंच सुचलं. नंतर चार वर्षं आम्ही तो विषय टाळला. लिफ्टमध्ये कुणी प्रेमाने विचारायचं, "काय, मुलीकडून काही गुड न्यूज?" मी म्हणायचे, "बघू." कुणी मुद्दाम दुखवत नव्हतं. आपल्याकडे ती चौकशीची रीतच आहे, हवापाण्यासारखी. पण दर वेळी 'बघू' म्हणताना मी लेकीशी थोडीशी खोटं वागत होते. पुस्तकातला रघुनाथ मला चालत होता. घरातला चालत नव्हता.

मुलीचं आणि माझं सुरळीत झालं ते कुठल्या भाषणाने नाही. तिच्या सासऱ्यांचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा दोघांनी सुट्ट्या वाटून घेऊन तीन महिने त्यांना सांभाळलं. मी तिथे आठ दिवस राहिले. पाहिलं की जावई पहाटे उठून वडिलांचं औषध देतात, मग चहा करून मुलीला उठवतात. दोघं भांडतात, हसतात, आणि कुणासाठी म्हणून नाही, एकमेकांसाठी घरी वेळेवर येतात. आम्ही नवरा-बायको वर्षानुवर्षं मुलांच्या वेळापत्रकावर चाललो. शाळेची बस, क्लास, परीक्षा, ॲडमिशन. आमचं बोलणं म्हणजे मुलांची मीटिंगच. मुलगा अमेरिकेला आणि मुलगी बंगलोरला गेल्यावर पहिले सहा महिने जेवणाच्या टेबलावर आम्हाला विषयच सुचत नव्हता. अजेंडाच संपला होता. मुलीकडे बघून वाटलं, यांचा अजेंडा कधी संपायचा नाही, कारण तो पहिल्यापासून यांचा दोघांचाच आहे.

म्हणजे सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही. मला नातू आहे, आणि त्याला व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. एवढंच म्हणते की, तो निर्णय त्या दोघांचा. लिफ्टचा नाही.

तिसरा संसार : दिनकरराव आणि इरावतीबाई

बायांचा मुलगा दिनकर रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, पुढे फर्ग्युसनचा प्राचार्य. त्यांनी लग्न केलं इरावती करमरकर यांच्याशी. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या नदीचं नाव. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत, मग फर्ग्युसनमध्ये. १९२८ साली इरावतीबाई मानववंशशास्त्र शिकायला जर्मनीला निघाल्या. आणि काय आश्चर्य, स्त्रीशिक्षणासाठी जन्म वाहिलेल्या सासऱ्यांना, म्हणजे साक्षात महर्षींना, सुनेचं हे परदेशी जाणं पसंत नव्हतं. दिनकरराव बायकोच्या बाजूने उभे राहिले, आणि त्या बर्लिनला जाऊन डॉक्टरेट घेऊन आल्या.

मला हा प्रसंग वाचून धीर आला. अण्णांसारख्या माणसालासुद्धा घरातली गोष्ट बाहेरच्या गोष्टीपेक्षा अवघड गेली! मग माझ्या आमटीतल्या डावाचं काय घेऊन बसलात?

परत आल्यावर इरावतीबाईंना तीन मुलं झाली : जाई, आनंद आणि गौरी. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी पुढे लेखिका म्हणून आपल्याला माहीत आहेत. तीन मुलं आणि डेक्कन कॉलेजातलं संशोधन एकदम. गावोगाव फिरून माणसांची मोजमापं घ्यायची, जातींचा, नात्यांचा अभ्यास करायचा. १९५३ साली त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. १९६७ साली 'युगान्त', त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार. पुण्यात स्कूटर चालवणारी बाई लोकांनी पाहिली ती बहुधा हीच पहिली. त्या नवऱ्याला एकेरी नावाने 'दिनू' म्हणत, आणि मुलंही वडिलांना 'दिनू'च म्हणत. बाईच्या पर्समध्ये पैसे आहेत ना, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, हे दिनकरराव बघत, असं त्यांच्या जवळच्या माणसांनी नोंदवून ठेवलंय. बायांच्या मुलाने हे करावं याला फार अर्थ आहे. आईची ओढाताण ज्याने लहानपणी पाहिली, त्याने बायकोच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं. मुलं आईबापांच्या संसाराकडे बघत असतात. आपण काय शिकवतो ते ऐकत नसतील, पण बघत असतात.

आता इरावतीबाईंचीच एक गोष्ट, कारण तिच्यात आपला सगळा विषय आहे. त्यांचा 'परिपूर्ती' नावाचा ललित लेख आहे, त्याच नावाचा संग्रह १९४९ साली निघाला. एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते. अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी, अशी मोठमोठी नावं घेतली जातात. पण त्यांना सारखं वाटत राहतं की ही ओळख पुरी झाली नाही, काहीतरी राहिलं. मग रस्त्याने जाताना खेळणाऱ्या पोरांचं बोलणं कानावर पडतं. एक पोरगा दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी होते.

पहिल्यांदा हा लेख वाचला तेव्हा मी तरुण आई होते. डोळे भरून आले होते. परवा फाइल बघून घरी आल्यावर पुन्हा वाचला. या वेळी वाटलं, एवढी विदुषी बाई, तिला ही गंमत आणि हा आनंद दोन्ही कळत होतं. 'कर्व्याची आई' हे तिला पुरलं, कारण बाकी सगळं तिच्याकडे होतं. पदवी, नोकरी, स्कूटर, आणि 'दिनू' म्हणून हाक मारता येईल असा नवरा. ज्या बाईच्या नावावर दुसरं काहीच नसतं, तिच्यासाठी 'अमक्याची आई' ही परिपूर्ती नसते. तो नुसता रकाना असतो.

तिन्हींचा ताळा

एका घरातले हे तीन संसार. पहिल्यात मुलं होती म्हणून बाईला नवऱ्याच्या ध्येयाशी भांडावं लागलं, आणि मुलांसाठीच उभं राहावं लागलं. दुसऱ्यात मूल नको असं ठरवून दोघांनी सगळं बळ एका कामात घातलं, आणि त्याची किंमतही दोघांनीच दिली. तिसऱ्यात मुलंही आली, कामही झालं, कारण मुलं ही एकट्या आईची जबाबदारी आहे असं त्या घरात कुणी मानलं नाही. तिन्हींत बरोबर-चूक असं मी लावणार नाही. पेपर तपासायचे दिवस गेले. पण तिन्हींत एक सारखं आहे. जिथे दोघांनी मिळून ठरवलं, तिथे हाल झाले तरी कटुता राहिली नाही. जिथे एकाने ठरवलं आणि दुसऱ्याने निभावलं, तिथे पन्नास वर्षांनी का होईना, पुराण लिहिलं गेलं.

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतही हे सगळं होऊन गेलंय. कुणी शाळा जवळ म्हणून इथे घर घेतलं आणि रोज दीड तास लोकलला लोंबकळत राहिलं. कुणी प्रमोशन नाकारलं, कारण बदली होती आणि मुलगा दहावीत होता. कुणी एकमेकांशी पटत नसताना मुलांसाठी एका छताखाली राहिलं, आणि मग मुलांच्या लग्नानंतर, आश्चर्य म्हणजे, पटायला लागलं. कुणाचं नाही पटलं, वेगळे झाले, तेव्हा त्यांच्या मुलाला शेजारच्या तीन घरांनी जेवायला बोलावलं. कुणी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून सहा-सहा महिने परदेशात राहिलं, नवरा इथे एकटा, आणि मग तोच माणूस कुकर लावायला शिकला. गणपतीत मुलांच्या स्पर्धांना जागा पुरत नव्हती, आता ज्येष्ठांच्या खुर्च्यांना पुरत नाही. पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून काचा फोडणारे आता जनरल बॉडीत पार्किंगवरून भांडतात. संसार चालूच आहेत.

तर त्या फॉर्मचं काय झालं, ते सांगून संपवते.

घरी येऊन मी ह्यांच्यासमोर झेरॉक्स ठेवली. "अहो, हे काय?"

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "अगं, तेव्हा सगळे तसंच करायचे. मुलाचं नाव."

मी म्हटलं, "सगळे म्हणजे कोण? सेक्रेटरी तुम्हीच होतात. फॉर्म कसा भरायचा ते सगळ्यांना तुम्हीच सांगत होतात."

यावर ते काही बोलले नाहीत. वादात कधी न हरणारा माणूस गप्प बसला. या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून काढलेलं कर्ज होतं आणि आईने दिलेल्या पाटल्या होत्या. ते त्यांना आठवत होतं आणि मलाही आठवत होतं. कुणी बोलून दाखवलं नाही.

रात्री मुलीला फोन केला. म्हटलं, "अगं, एक गंमत सापडली." सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "आई, मला माहीत होतं. एज्युकेशन लोनच्या वेळी बाबांनी फाइल आणायला मलाच पाठवलं होतं. तेव्हा पाहिलं."

म्हणजे एकोणिसाव्या वर्षापासून तिला माहीत होतं. आणि ती कधी बोलली नाही. त्यानंतर तिने आमच्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मला तिचं शहाणपण वाटत आलं होतं. फोन ह्यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "बाळ, माझं चुकलं." पलीकडून ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. ह्यांनी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी थोड्या वेळाने गेले. काही बोललो नाही, पण चहा त्यांनी केला.

वकील सांगतात, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो नुसता सांभाळणारा, हक्क कायद्याने ज्याचा त्याला मिळतो. असेल. पण माणसाच्या मनात त्या रकान्याचा अर्थ निराळा असतो. 'आपल्यामागे कोण' असं विचारल्यावर पहिलं कुणाचं नाव आठवलं, तेवढंच त्यात दिसतं.

पुढच्या आठवड्यात नवा फॉर्म भरला. पहिलं नाव माझं, मग मुलाचं आणि मुलीचं, दोघांचा वाटा सारखा. मुलाला अमेरिकेत फोनवर सांगितलं, तो म्हणाला, "हे अजून केलं नव्हतंत?" दोन साक्षीदार लागतात, ते म्हणून आमच्या मजल्यावरचं जोडपं आलं. सह्या करून झाल्यावर ती बाई नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आपला कसा भरलाय हो?" तो म्हणाला, "बघायला लागेल."

मंडळी, सोसायटीचा इतिहास लिहायचा राहूनच गेला. समितीने क्षमा करावी. सुवर्णमहोत्सवाला जो कुणी लिहील त्याच्यासाठी कागद नीट राहावेत, एवढी विनंती. सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी सात ते नऊ उघडं असतं. आपापली फाइल एकदा बघून या. जाताना दोघं मिळून जा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा.